दारातल्या द्राक्षवेलीला घड का धरत नाहीत? अंगणातल्या मांडवाचे वर्षभराचे काम, क्रमाने

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षाची काडी कुणाच्याही बागेतून सहज मिळते. म्हणून अंगणात एखादी वेल असलेली घरे पुष्कळ. वेल वाढतेही जोमात. दोन पावसाळ्यांत मांडव झाकून टाकते. पण चौथे वर्ष उजाडले तरी पाला तेवढा वाढलेला आणि घड मात्र दोन-चार, तेही वाटाण्याएवढ्या मण्यांचे.

बहुतेक घरी कारण एकच असते: एप्रिलची छाटणी झालेली नसते. फेब्रुवारीत खायचा घड आदल्या मे-जूनमध्ये काडीच्या डोळ्यात तयार होतो, आणि त्यासाठी एप्रिलमध्ये नवी काडी फुटावी लागते. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून तिथे एकच छाटणी पुरते. व्हिडिओ पाहून तसेच केले तर इथे फसगत होते, कारण आपल्याकडची वेल झोपतच नाही. आपल्या हवेत वर्षात दोन छाटण्या आणि पीक एक, असा हिशेब आहे. पुढचा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे. अंक साधारण ६० चौरस फूट मांडवावरच्या एका वेलीसाठी धरले आहेत.

आधी गावाचा विचार करा. सांगली जिल्ह्याचा मधला आणि पूर्व भाग, साताऱ्यातले फलटण, माण, खटाव इथे वेल चांगली येते. शिराळ्याचा पश्चिम भाग, पाटण, जावळी, महाबळेश्वर इथल्या पावसात पाने सतत ओली राहतात आणि केवडा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) वेलीला उभे राहू देत नाही. तिथे हा खटाटोप करू नये.

१. जागा आणि मांडव

दिवसाला किमान सात-आठ तास थेट ऊन हवे. घराच्या उत्तरेला, आंब्याखाली किंवा दोन भिंतींच्या बोळात वेल लावली तर पाला येईल, घड येणार नाहीत. मांडव वेल लावण्याआधी उभा करा. नंतर खड्डे खणताना मुळ्या तुटतात.

उंची सात फूट. चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप किंवा अँगल, दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये. वर जाड जीआय तारेची चौकट आणि आत दर दीड फुटाला बारीक तार, दोन्ही दिशांनी. तार ताणलेली असावी. सैल तारेवर माल आला की मांडवाला झोळ पडतो आणि मधले घड एकमेकांवर घासतात.

गच्चीवर लावायची असेल तर २०० लिटरचा ड्रम घ्या. ओल्या मातीसकट त्याचे वजन ३०० किलोच्या आसपास जाते, म्हणून तो तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेत ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. ड्रममधल्या वेलीला मांडव ३०-४० चौरस फुटांपुरताच ठेवा आणि पुढचे सगळे अंक त्या मानाने कमी करा.

२. काडी की कलम?

जमीन निचऱ्याची आणि पाणी गोडे असेल तर साध्या काडीपासून केलेली वेल चालते. कृष्णाकाठची क्षारपड जमीन असेल, किंवा बोअरच्या पाण्याने घरातल्या भांड्यांवर पांढरे थर बसत असतील, तर डॉगरिज खुंटावरचे (क्षार सोसणाऱ्या वेलीच्या मुळांवर बांधलेले) कलमच घ्या. साधी वेल अशा पाण्यावर दोन वर्षे तग धरते, मग पानांच्या कडा करपायला लागतात. खते बदलून ते थांबत नाही.

काडी ऑक्टोबरच्या छाटणीत मागून आणा. त्या दिवसांत बागेत ढीग पडलेले असतात. जात नक्की माहीत असलेल्या, रोग नसलेल्या आणि घड देणाऱ्या वेलीचीच काडी घ्या. ती पेन्सिलीएवढी जाड, पूर्ण तपकिरी, चार डोळ्यांची असावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा काप डोळ्याच्या वर दोन सेंटीमीटर सोडून तिरका. यामुळे वर-खाल ओळखू येते. उलटी खोचलेली काडी मुळ्या धरत नाही आणि ही चूक फार होते. दोन डोळे मातीत, दोन वर. पिशवीत माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात. पाच-सहा काड्या लावा, त्यातली जोमदार एक ठेवा.

थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या हिरव्या बिनबियांच्या जाती, शरद काळी. बाजारातला लांबोडा, फुगीर मणी जिब्रेलिक आम्लात घड बुडवून मिळवलेला असतो. घरी ते करायची गरज नाही, पण मग मणी लहान येणार हे धरून चाला. गोडीत तो कमी नसतो.

३. खड्डा आणि लागवड

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. काळ्या चिकट जमिनीत तळाला सहा इंच मुरूम घाला आणि रोप जमिनीच्या पातळीपेक्षा अर्धा फूट उंच बोदावर (मातीच्या उंचवट्यावर) लावा.

*तपासा:* भरण्याआधी खड्ड्यात एक बादली पाणी ओता. चार तासांनी पाणी साठलेलेच दिसले तर जागा बदला, किंवा बोद दीड फुटाचा करा.

कलमाचा जोड मातीच्या वर किमान सहा इंच राहिला पाहिजे. जोड गाडला गेला की वरच्या भागाला स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि खुंटाचा काही उपयोग राहत नाही. जोडाखालून फुटणारी फूट दिसेल तेव्हा काढा. डॉगरिजची फूट अतिशय जोमदार असते. ती ठेवली तर काही महिन्यांत मांडवावर खुंटच पसरतो, मूळ जात मागे पडते आणि "जात फसवी निघाली" असे वाटत राहते.

४. खोड आणि ओलांडे: इथे घाई नको

एकच फूट बांबूला बांधत सरळ वर न्या, बाजूच्या काढा. शेंडा तारेच्या वर गेला की तारेखाली अर्ध्या फुटावर खुडा. तिथल्या वरच्या दोन डोळ्यांतून दोन फुटी येतील. त्या विरुद्ध दिशांनी तारेवर बांधा. हे तुमचे ओलांडे.

ओलांडा एका दमात शेवटपर्यंत पळू दिला की सगळा जोर शेंड्याला जातो आणि मागचे डोळे आंधळे राहतात. खोडाजवळ तीन-तीन फूट उघडी लाकडे आणि टोकाला झुबका, अशा वेली गावोगाव दिसतात, आणि हे पुढे दुरुस्त होत नाही. म्हणून आठ-नऊ पाने झाली की शेंडा मारा. बाजूच्या फुटी तीन-चार पानांच्या झाल्या की टोकाची फूट पुढे वाढवा, पुन्हा आठ-नऊ पानांवर थांबवा. बाजूच्या फुटी काढू नका. त्याच पुढच्या काड्या आहेत.

फेब्रुवारीत लावलेले रोप पावसाळाअखेर मांडवावर पोचते. लगेच येणाऱ्या ऑक्टोबरला फळ धरू नका. पुढच्या एप्रिलला पहिली खरड छाटणी (काड्या तळाशी कापणे), आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरला पहिली फळ छाटणी.

५. खरड छाटणी: एप्रिल

तारीख ठरवताना पावसाकडे पाहा. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो आणि तेव्हा डोळ्यावर ऊन पडावे लागते. १० एप्रिलला छाटले तर हे दिवस २० मे ते ९ जून येतात, म्हणजे बहुतांशी स्वच्छ उन्हात. १५ मेला छाटले तर २४ जून ते १४ जुलै, भर ढगांत. छाटणी मनापासून केली, फक्त महिनाभर उशिरा, आणि वर्ष वाया गेले, असे अनेकांचे होते.

क्रम असा ठेवा:

- माल काढल्यावर वेलीला किमान तीन आठवडे विश्रांती द्या. पाणी आणि थोडे खत चालू ठेवा.
- छाटणीच्या आठवडाभर आधी बुंध्यापासून दीड फुटावर उथळ चर घेऊन एक घमेले शेणखत आणि ५०० ग्रॅम सुपर फॉस्फेट मातीत मिसळा.
- सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा. ओलांड्यावरची प्रत्येक काडी तळाशी एक डोळा ठेवून कापा. एकही हिरवी काडी किंवा पान राहू देऊ नका.
- खोड-ओलांड्यावरची सुटी साल हाताने काढून जाळा. उडद्याची (डोळे खाणाऱ्या भुंगेऱ्याची) अंडी आणि पिठ्या ढेकूण तिथेच लपतात.
- अंगठ्यापेक्षा जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात.

छाटल्यावर मांडव भकास दिसतो, दारातली सावली भर उन्हाळ्यात जाते आणि घरातली मंडळी नाराज होतात. म्हणूनच बहुतेक जण अर्धीच छाटणी करतात. तसे करू नका. राखलेल्या जुन्या काड्यांवर आधी फूट येते, ती जोर ओढून घेते आणि ओलांड्यावरचे डोळे फुटतच नाहीत. सावलीसाठी दीड महिना हिरवी जाळी टाकायची असेल तर ती मांडवाखाली बांधा, वर नाही.

पुढचे सात-आठ दिवस उन्हाचा कडाका असेल तर ओलांड्यावर संध्याकाळी पाण्याचा फवारा मारा. फूट एकसारखी निघते. दिवसाला १५ ते २० लिटर पाणी. फुटीला पाच पाने आल्यापासून आठवड्याला २० ग्रॅम युरिया पाण्यातून, फक्त तीन वेळा.

*तपासा:* डोळे फुगू लागल्यापासून रोज सकाळी लवकर फुटी पाहा. कोवळ्या डोळ्यांना छिद्रे दिसली तर तो उडद्या. खाली साबणाच्या पाण्याचे पसरट भांडे धरून ओलांडा हलवा. भुंगेरे टपटप पडतात. एक खाल्लेला डोळा म्हणजे एक काडी गेली.

६. काड्या मोजा, सबकेन करा

फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की जास्तीच्या काढा. दर चौरस फुटाला एक काडी, म्हणजे ६० चौरस फुटांवर ५० ते ६०. त्याहून जास्त ठेवल्या तर त्या एकमेकींना झाकतात आणि झाकलेल्या डोळ्यात घडाऐवजी बाळी (आधाराला गुंडाळणारा तणाव) तयार होते.

काडीला आठ-नऊ पाने आली की सात ठेवून शेंडा खुडा. टोकाच्या पानाच्या बेचक्यातून निघणारी एकच बगलफूट वाढू द्या, बाकीच्या काढा. तिला सहा-सात पाने आली की पाचावर शेंडा मारा. खुडलेल्या जागी गाठ राहते. बागेत यालाच सबकेन म्हणतात. जोर क्षणभर अडतो आणि गाठीच्या आसपासचे डोळे घडाचे होतात. बगलफूट काढताना नखाने ओरबाडू नका. शेजारचाच डोळा ऑक्टोबरला लागणार आहे.

आता ते ४० ते ६० दिवस. यात युरिया पूर्ण बंद, शेणाची स्लरीसुद्धा बंद. पाणी एकतृतीयांशावर आणा, दिवसाला पाच-सहा लिटर. दुपारी पाने किंचित मलूल दिसून संध्याकाळी ताठ झाली तर पाणी बरोबर आहे. सकाळीही मलूल असतील तर वाढवा. ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचे विद्राव्य खत) लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात आठ दिवसांनी दोनदा फवारा. वेल काळीभोर हिरवी, लांब पेऱ्यांची, शेंडे पळणारी दिसली तर लोक खूश होतात. खरे तर त्या क्षणी ती घड गमावत असते.

*तपासा:* दुपारी बाराला मांडवाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. गार, गडद सावली असेल तर आजच विरळणी करा.

७. पावसाळा: काडी पिकवणे

जुलै ते सप्टेंबर दोनच कामे: पाने टिकवणे आणि काडी तपकिरी करणे. वाढलेले शेंडे दर पंधरवड्याला मारा. ०:०:५० (पालाशचे विद्राव्य खत) पंचवीस ग्रॅम, पंधरा दिवसांनी चार वेळा. एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाच्या उघडिपीत महिन्यातून दोनदा: दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटरमध्ये विरघळवा, मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर धरा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पाने ऑगस्टमध्ये गळाली तर वेल अवेळी फुटते आणि घडाचे डोळे पावसात वाया जातात. खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आहे. छिद्र शोधून तारेने अळी काढा आणि चिखलाने बुजवा.

८. फळ छाटणी: ५ ते २० ऑक्टोबर

आधी घरच्या घरी परीक्षा करा. २० सप्टेंबरच्या सुमारास वेगवेगळ्या भागांतल्या तीन काड्या तळापासून कापा. प्रत्येक डोळा वेगळा करून, खालून कोणता-कितवा ते लिहून, पाण्याच्या उथळ भांड्यात उबदार उजेडात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात आणि कोणत्या डोळ्यातून इवलासा घड डोकावतो ते दिसते. छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची याचे याहून खात्रीचे उत्तर घरी मिळत नाही.

परीक्षा जमली नाही तर: सबकेन असलेल्या काडीवर गाठीच्या वर एक-दोन डोळे ठेवून काप, सरळ काडीवर सहा-सात डोळ्यांवर. शेवटचे एक-दोन डोळेच जोमाने फुटतात, म्हणून घडाचा डोळा टोकाशी यायला हवा. एप्रिलसारखे एका डोळ्यावर कापणे ही इथली सर्वांत महाग चूक. नुसत्या वांझ फुटी मिळतात. काडी पेन्सिलीहून बारीक किंवा हिरवी असेल तर ती काढूनच टाका.

छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी हाताने सगळी पाने काढा आणि पाणी कमी करा. डोळे फुगतात, मग छाटा. जोरदार पाऊस तोंडावर असेल तर थांबा.

*इशारा:* बागांत डोळे फोडण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात. ते विषारी आहे, कातडी भाजते आणि दारू घेणाऱ्याला आणखी घातक ठरते. मुले वावरणाऱ्या अंगणात ते आणू नका. पानगळ नीट केली तर पन्नास काड्यांसाठी त्याची गरज पडत नाही.

छाटणीनंतर लगेच खोड, ओलांडे, तारा, सगळे एक टक्का बोर्डोने धुऊन घ्या. खाली पडलेला पाला अंगणात ठेवू नका. केवड्याची पुढची लागण त्यातूनच उठते.

९. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत

छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत पोंगा (डोळ्यातून येणारा कोवळा कोंब) निघतो, पंधरा-अठराव्या दिवशी घड दिसतात. घड दिसताच फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा. हे काम दहा दिवस लांबले, आभाळ आले आणि त्यात पाणीही भरपूर दिले, तर दिसलेला घड जिरतो किंवा बाळीवर जातो. पोंग्यापासून घड मोकळा होईपर्यंत पाणी दिवसाला आठ-दहा लिटरच्या वर नेऊ नका.

पानावर तेलकट डाग आणि मागे पांढरी बुरशी म्हणजे केवडा. कोवळ्या पानांवर अर्धा टक्काच बोर्डो मारा. एक टक्क्याने ती भाजतात. सकाळी दव पडते, म्हणून फवारा दव वाळल्यावर. फुलोऱ्यात (छाटणीनंतर साधारण ३५ ते ४५ व्या दिवसांत) काहीही फवारू नका आणि घडाला हात लावू नका. नोव्हेंबरअखेरपासून राखाडी पूड दिसली तर ती भुरी. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम. मणी पाणी धरू लागल्यावर गंधक बंद.

१०. विरळणी आणि काढणी

एका काडीवर एकच घड, आणि त्या घडाला किमान बारा-पंधरा पाने. पहिल्या वर्षी सगळ्या वेलीवर मिळून १०-१५ घडच ठेवा. मणी ज्वारीएवढे असताना बारीक कात्रीने घडातल्या मधल्या काही पाकळ्या (घडाच्या बाजूच्या लहान फांद्या) आणि टोकाचा चौथा भाग कापा. हात धजावत नाही, पण दाट घडात आतले मणी चिरडतात आणि फेब्रुवारीत तिथूनच कुज सुरू होते. मुंग्यांची रांग घडाकडे चालली असेल तर वर पिठ्या ढेकूण आहे. साबणाच्या पाण्याने ओलांडा पुसा आणि मुंग्यांची वाट तोडा.

मण्यात पाणी उतरले, म्हणजे तो मऊ आणि पारदर्शक झाला, की घडांना कागदी पिशव्या किंवा मांडवाभोवती जाळी बांधा. पाखरे तुमच्या आधी पिकलेला घड ओळखतात. पाणी नेहमीचे ठेवा, पण एकदम जास्त देऊ नका, मणी तडकतात.

१० ऑक्टोबरची छाटणी असेल तर माल ७ ते १७ फेब्रुवारीच्या सुमारास तयार होतो. रंगावर जाऊ नका. घडाच्या अगदी टोकाचा मणी खाऊन पाहा. टोक सर्वांत शेवटी गोड होते. तो गोड लागला तरच घड तोडा, कारण तोडलेले द्राक्ष घरात पिकत नाही. घड सकाळी, दव वाळल्यावर, देठाला धरून कात्रीने काढा. शेवटचा घड उतरला तरी पाणी बंद करू नका. एप्रिलपर्यंत पाने हिरवी राहिली पाहिजेत; ती आता खोडात साठा भरत आहेत.